सातवी जोडी

बालमित्रांनो, आज वाचायला बसण्याआधी घरातला एक आरसा घेऊन या. मोठाच पाहिजे असं काही नाही, बाबांचा दाढीचा आरसासुद्धा चालेल. आणलात? आता मी सांगते तसं करा. भुवया वर उचलून कपाळाला आठ्या घाला. डोळे घट्ट मिटा (आणि मग उघडा, नाहीतर पुढचं वाचणार कसं!). नाक मुरडा. गाल फुगवा. शीळ घालताना करतो तसा ओठांचा चंबू करा. आणि शेवटी बत्तीशी दाखवून मस्त हसा.

घरातलं कुणी "हे काय माकडचाळे चाललेत?" असं म्हणालं, तर खुशाल सांगा, अभ्यास चाललाय. खोटं नाहीच ते. आत्ता तुम्ही जे जे केलंत, ते सगळं फक्त दोन मज्जातंतूंच्या जोरावर केलंत. एक चेहऱ्याच्या उजव्या बाजूचा, एक डाव्या बाजूचा. ही जोडी मिळून चेहरा हलवते, आणि आज आपण तिच्याबद्दलच बोलणार आहोत.

हा विषय आत्ताच का काढला, ते सांगते. सहावीतल्या एका वाचकाचं पत्र आलं होतं. एके दिवशी सकाळी त्याच्या काकूचं तोंड अचानक एका बाजूला वाकडं झालं. चूळ भरताना पाणी गळायला लागलं, एक डोळा मिटेना. आजी म्हणाली, वारं लागलं. शेजारच्या मावशी म्हणाल्या, कुणीतरी काहीतरी केलंय. आणखी कुणी तरी कबुतराचं रक्त चोळायला सांगून गेलं. पत्राच्या शेवटी त्याने विचारलं होतं, "बाई, काकूला नक्की काय झालंय? ती बरी होईल ना?"

त्याला मी लगेच उत्तर धाडलं: आधी डॉक्टरांकडे, बाकी सगळं मग. पण असं कुणाच्याही घरी होऊ शकतं. म्हणून आजचा पाठ सगळ्यांसाठी, आणि आई-बाबांनीही वाचण्यासाठी.

मागच्या अंकात आपण कवटीबद्दल बोललो होतो. ही हाडाची पेटी मेंदूला सांभाळते. पण नुसतं पेटीत बंद राहून मेंदूचं भागणार कसं? बाहेरच्या बातम्या आत यायला हव्यात, आतले हुकूम बाहेर जायला हवेत. हे काम मज्जातंतू करतात. मज्जातंतू म्हणजे पुष्कळ बारीक धाग्यांची एक दोरी. काही धागे बातमी आणतात, काही हुकूम नेतात. पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूतून मज्जातंतूंच्या 31 जोड्या निघतात आणि हातापायांकडे, छातीपोटाकडे जातात. पण 12 जोड्या अशा आहेत, की त्या थेट मेंदूतूनच निघतात आणि कवटीला असलेल्या लहान लहान भोकांतून बाहेर पडतात.

या बारा जोड्यांना हजेरीपटातल्यासारखे क्रमांक दिलेले आहेत. मेंदूच्या पुढच्या भागापासून मागे जात जात ज्या क्रमाने त्या दिसतात, तोच त्यांचा क्रमांक. आज हे सोपं वाटतं, पण हा हजेरीपट नीट लागायला फार वर्षं गेली. दुसऱ्या शतकात गॅलन नावाच्या ग्रीक वैद्याने सातच जोड्या मोजल्या होत्या. आपण ज्यांना आज सातवी आणि आठवी म्हणतो, त्या त्याने एकच धरल्या होत्या. त्यात त्याला हसण्यासारखं काही नाही हं! या दोन्ही जोड्या कवटीतल्या हाडात एकाच भोकातून, अगदी खांद्याला खांदा लावून शिरतात. पुढे 1778 मध्ये जर्मनीतल्या ग्योटिंगेन इथे झ्योमरिंग नावाच्या विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधात बारा जोड्यांची यादी मांडली. तीच आजही सगळ्या जगात चालते. तेव्हा त्याचं वय होतं 23. म्हणजे आपल्याकडे कॉलेजातून नुकत्याच बाहेर पडलेल्या दादाएवढं!

आता हजेरी घेऊ, पण भराभर. पहिली जोडी वासाची. दुसरी दिसण्याची. तिसरी, चौथी आणि सहावी मिळून डोळ्याचं बुबुळ इकडेतिकडे फिरवतात. त्यातल्या तिसरीचं आणखी एक काम म्हणजे वरची पापणी उचलून डोळा उघडणं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. पाचवी चेहऱ्याला स्पर्श कळवते. दात दुखला की कळ तिच्याच वाटेने मेंदूकडे जाते. घास चावण्याचे स्नायूही पाचवीच्याच ताब्यात. आठवी ऐकण्याची आणि तोल सांभाळण्याची. नववी घशाची आणि जिभेच्या मागच्या भागाची. दहावी म्हणजे भटकी. मानेतून खाली उतरून ती हृदय, फुप्फुसं, जठर, आतडी अशी सगळीकडे फिरून येते. अकरावी मान वळवते आणि खांदे उडवते. ("गृहपाठ केलास का?" असं विचारल्यावर काही जणांची अकरावी फार जोरात चालते!) बारावी जीभ हलवते.

मधली सातवी मुद्दामच राहू दिली. ती चेहऱ्याची.

सातवीचा रस्ता मोठा अवघड आहे. मेंदूच्या खालच्या भागातून निघाली, की ती कानाच्या मागच्या टणक हाडात शिरते. तिथे तिच्यासाठी एक बोगदा आहे. लांबी साधारण तीन सेंटिमीटर, म्हणजे तुमच्या खोडरबराएवढी. पण रुंदी? सर्वांत अरुंद जागी एक मिलिमीटरसुद्धा नाही! आणि या एवढ्याशा वाटेतून सुमारे दहा हजार धागे जायचे. आपल्या घाटातला बोगदा कसा, दोन गाड्या कशाबशा जातील एवढाच असतो. एक गाडी बंद पडली की मागे रांगच रांग. बोगद्याची ही गोष्टही ध्यानात ठेवा.

बोगद्यात असतानाच सातवी दोन-तीन छोटी कामं उरकून घेते. कानाच्या आत रिकिबीच्या आकाराचं एक इवलंसं हाड असतं. शरीरातलं सर्वांत लहान हाड तेच. त्याला जोडलेला स्नायूही शरीरातला सर्वांत लहान. मोठा आवाज झाला, की हा स्नायू त्या हाडाला किंचित मागे खेचतो, म्हणजे कानाला धक्का कमी बसतो. त्याला हुकूम देते सातवी. जिभेच्या पुढच्या दोन भागांची चव (जिभेचे तीन भाग केले, तर त्यातले पुढचे दोन) हीसुद्धा सातवीच मेंदूला कळवते. गंमत म्हणजे चिंचेचा आंबटपणा जिभेवर कळला, की ती बातमी कानाच्या पडद्याला घासून मेंदूकडे जाते! डोळ्यांतलं पाणी आणि तोंडातली बरीचशी लाळ यांचे हुकूमही तिच्याकडेच.

बोगद्यातून ती कानाच्या पाळीखाली बाहेर पडते. गालगुंड होतं तेव्हा कानाखाली जी ग्रंथी टम्म फुगते, तिच्या पोटातूनच ती पुढे जाते आणि तिथे तिला फांद्या फुटतात. त्या कुठे कुठे जातात, ते आपल्याच हाताने बघा. तळव्याचं मनगट कानाच्या पाळीखाली टेकवा आणि पाचही बोटं फाकून चेहऱ्यावर ठेवा. अंगठा कपाळाच्या बाजूला, पहिलं बोट डोळ्याकडे, मधलं गालावर, करंगळीशेजारचं हनुवटीकडे आणि करंगळी खाली मानेकडे. पाच बोटं, पाच मुख्य फांद्या. डॉक्टर होणारी मुलंही हे असंच पाठ करतात.

चेहऱ्याचे स्नायू बाकीच्या शरीरातल्या स्नायूंसारखे नाहीत. दंडाचा स्नायू एका हाडाला सुरू होतो आणि दुसऱ्या हाडाला जाऊन चिकटतो. तो आखडला की हात वाकतो. चेहऱ्याचे बहुतेक स्नायू मात्र हाडाला नाही, कातडीला चिकटलेले असतात. ते आखडले की कातडीच ओढली जाते, आणि गालाला खळी पडते, कपाळाला आठी पडते, ओठांचे कोपरे वर जातात. आपण त्याला हसू म्हणतो, राग म्हणतो, कंटाळा म्हणतो. एक अक्षर न बोलता आईला जे कळतं, ते सातवीमुळे कळतं.

आता काकूकडे येऊ.

कधी कधी काय होतं, की त्या हाडाच्या बोगद्यात असतानाच सातवीच्या एका बाजूला सूज येते. हाताला सूज आली तर ती बाहेरच्या बाजूला पसरते. इथे मात्र सगळीकडून हाड. हाड काही ताणलं जात नाही, त्यामुळे सुजलेला मज्जातंतू बोगद्यातच आवळला जातो, आणि हुकूम पुढे जाईनासे होतात. चेहऱ्याची ती अर्धी बाजू एकदम गप्प होते. भुवई वर जात नाही, ओठाचा कोपरा खाली लोंबतो, चूळ भरताना पाणी गळतं, घास गालात अडकून बसतो. चावण्याला मात्र काही होत नाही, कारण ते काम पाचवीचं! काहींना त्या बाजूच्या कानात भांड्यांचा साधा आवाजही मोठा वाटायला लागतो, काहींना अर्ध्या जिभेची चव लागत नाही. का, ते तुम्हीच सांगा. कानातला तो लहानसा स्नायू आठवला ना?

या आजाराचं नाव बेल्स पाल्सी. बेल म्हणजे घंटा नव्हे, चार्ल्स बेल नावाचे स्कॉटिश शस्त्रवैद्य होते. ते चित्रकारही होते. 1815 च्या वॉटर्लूच्या लढाईनंतर जखमी सैनिकांवर त्यांनी उपचार केले आणि त्यांची चित्रंही काढली. चेहरा हलवणाऱ्या या मज्जातंतूबद्दल त्यांनी 1821 मध्ये निबंध लिहिला, म्हणून नाव त्यांचं लागलं. पण आजार काही तेव्हाचा नवा नाही. त्यांच्या आधी सुमारे नऊशे वर्षं इराणमधल्या अल-राझी या वैद्यांनी चेहरा वाकडा होण्याबद्दल लिहून ठेवलं होतं.

सूज का येते? बहुतेक वेळा एखादा जुना विषाणू, जो शरीरात झोपून असतो, तो पुन्हा जागा होत असावा असा डॉक्टरांचा अंदाज आहे. मधुमेह असलेल्यांना आणि बाळंतपण जवळ आलेल्या बायकांना हा त्रास जास्त होतो. 'वारं लागलं' म्हणतात, कारण तो बहुधा रात्रीतून होतो आणि सकाळी आरशात दिसतो. मग माणसं आदल्या दिवशीचा बसच्या खिडकीतला वारा आठवतात. कुणी काही केलेलंही नसतं. करणीबिरणी सोडून द्या. आणि कबुतराच्या रक्ताने काहीही होत नाही, झालाच तर संसर्ग होतो. बिचाऱ्या कबुताराला कशाला त्रास?

पण आई-बाबा, इथे एक गोष्ट जरा थांबून वाचा. तोंड वाकडं होण्याचं कारण नेहमी सातवीची सूजच असतं असं नाही. मेंदूतली रक्तवाहिनी अचानक बंद झाली किंवा फुटली तरी तोंड वाकडं होतं. त्याला आपण अर्धांगवायू किंवा लकवा म्हणतो. दोन्हींत फरक ओळखायला डॉक्टर कपाळ बघतात. ते कसं, हे समजायला विजेचं उदाहरण घेऊ. समजा वाडीतल्या एका घराला दोन डीपींवरून वीज येते. एका डीपीचा फ्यूज गेला तरी दुसरीवर दिवा जळत राहील. पण घरात शिरणारी शेवटची तारच तुटली, तर अंधार. कपाळाचं तसंच आहे. त्याला मेंदूच्या दोन्ही अर्ध्या भागांकडून हुकूम येतात. म्हणून मेंदूच्या एका भागात बिघाड झाला, तर तोंड वाकडं होतं, पण भुवई बहुधा उचलता येते. सातवीच आवळली गेली असेल तर ती शेवटची तार. मग भुवईही हलत नाही.

हे मी तुम्हाला समजावं म्हणून सांगितलं, घरी बसून निवाडा करण्यासाठी नाही. तोंड वाकडं झालं, की दवाखान्यात जायचं, लगेच. त्याबरोबर हातपाय लुळा पडला असेल, बोलणं अडखळत असेल, तर वेळ घालवायचा नाही, 108 ला फोन करायचा. रक्ताची गुठळी विरघळवणारं औषध साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्याआधी तपासणीलाही वेळ लागतो. "संध्याकाळपर्यंत बघू" हे वाक्य इथे फार महागात पडतं.

बेल्स पाल्सीतही दिवसांना किंमत आहे. 2007 मध्ये स्कॉटलंडमधल्या डॉक्टरांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात पाचशेहून जास्त मोठी माणसं होती. तीन दिवसांच्या आत सूज उतरवणाऱ्या स्टेरॉइडच्या गोळ्या ज्यांना सुरू केल्या, त्यांच्यातली शंभरातली 94 माणसं नऊ महिन्यांत पूर्ण बरी झाली. गोळ्या न मिळालेल्यांत 82. म्हणजे न घेताही बरेच बरे होतात, हे खरं, पण घेतल्याने आणखी बारा जणांचं हसू परत आलं. लहान मुलं बहुतेक आपोआप बरी होतात, त्यामुळे त्यांना गोळ्या द्यायच्या की नाही हे डॉक्टर ठरवतात. कानात फोड आले असतील, कान फुटला असेल, चेहऱ्यावर बधिर चट्टा असेल, तर कारण वेगळं असू शकतं आणि औषधही वेगळं. म्हणून तपासणी हवीच.

आणि डोळा! तिसरी आठवते ना? डोळा उघडणं तिसरीकडे, मिटणं सातवीकडे. सातवी बंद पडली, तरी तिसरी आपलं काम करतच असते. डोळा उघडाच राहतो, झोपेतसुद्धा. बुबुळ कोरडं पडतं, धूळ बसते, जखम होते. तोंड महिन्या-दोन महिन्यांत सरळ होतं, पण डोळ्याची हेळसांड झाली तर नजर अधू राहू शकते. म्हणून दिवसा डॉक्टरांनी दिलेले थेंब आणि चष्मा, रात्री मलम आणि पापणी मिटवून वरून चिकटपट्टी. ही पट्टी स्वतःची स्वतःला नीट लावता येत नाही. घरातल्या मुलांनी शिकून घ्यावं असं हे काम आहे.

आमच्या शाळेत चौथीच्या वर्गात एका मुलीला असं झालं होतं. चार दिवसांनी ती शाळेत आली ती रुमालाने तोंड झाकूनच. दुपारच्या सुट्टीपर्यंत तिला एक नवं नावही मिळालं होतं; ते मी इथे लिहिणार नाही. तिने दोन दिवस डबा खाल्ला नाही, कारण खाताना ओठातून भात सांडायचा. तिसऱ्या दिवशी मी वर्गाला सांगितलं, सगळ्यांनी एका हाताने आपला अर्धा चेहरा धरून ठेवा, अजिबात हलू द्यायचा नाही, आणि पाणी प्या. सगळ्यांचे गणवेश भिजले. "प" म्हणा म्हटलं, तर कुणाला धड म्हणता येईना. मग फळ्यावर बोगदा काढला. नंतर डब्याच्या वेळी दोन मुली आपणहून तिच्या अंगावर पाठ करून बसल्या, म्हणजे बाकीच्यांना दिसू नये. हे त्यांना मी सांगितलं नव्हतं. सात आठवड्यांनी तिला शीळ घालता यायला लागली, आणि मग वर्गात शीळ घालायची नाही हा नियम मला काही दिवस गुंडाळून ठेवावा लागला.

बरं होणं असं हळूहळूच असतं. सूज लवकर उतरली, तर दोन-तीन आठवड्यांत भुवई थोडी हलायला लागते. धागे तुटलेच असतील, तर ते पुन्हा वाढतात, पण वेग किती? दिवसाला साधारण एक मिलिमीटर. पट्टी घेऊन कानापासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत मोजा, म्हणजे इतके महिने का लागतात ते कळेल. आणि नव्याने वाढताना एखादा धागा रस्ता चुकतोही. लाळेकडे जायचा धागा डोळ्यातल्या पाण्याच्या ग्रंथीकडे जातो. मग घास तोंडात घेतला, की डोळ्यांतून पाणी! डॉक्टर याला 'मगरीचे अश्रू' म्हणतात. त्या माणसाला काही दुःख झालेलं नसतं, भाजीही तिखट नसते.

पुढच्या अंकात आठवी जोडी. तोवर अंगणात पाच गिरक्या मारून बघा आणि थांबल्यावर काय वाटतं ते लिहून पाठवा. गिरक्या अंगणातच हं, काचेच्या कपाटाजवळ नाही.